पावसाळ्याचे चार महिने आणि ठेकेदाराची शिल्लक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या कळंबा-पाचगाव भागात तुम्ही चार वर्षं मालासकट घरं बांधून देता. वर्षाला तीन-चार घरं होतात, कामाला नाव आहे. तरी जूनमध्ये पाऊस लागला की हातात काही राहत नाही, आणि गेल्या वर्षी वहिनींचं सोनं तारण ठेवावं लागलं. किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, कुठं ठेवावा, आणि मुळात उरतच नसेल तर ठेवायचा कुठून, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात हाच धंदा वीस वर्षांहून जास्त करतोय. माझ्या मते तुमचा शेवटचा प्रश्न खरा पहिला आहे. ‘सहा महिन्यांचा खर्च ठेवा’ असं कुणीही सांगेल. पण तो सल्ला पगारदाराच्या हिशेबाचा आहे. पगारदाराला एक तारखेला आलेला पैसा त्याचा स्वतःचा असतो. आपल्या खात्यात पैसा येतो तेव्हा त्यातला बराचसा सिमेंटवाल्याचा, स्टीलवाल्याचा, गवंड्याचा आणि पुढच्या टप्प्याचा असतो. एका साइटचा अ‍ॅडव्हान्स दुसऱ्या साइटच्या उधारीत जातो, तिसरीच्या स्लॅबच्या हप्त्यात पहिलीचा गिलावा उरकतो, आणि चाक फिरत असेपर्यंत सगळं ठीक वाटतं. जूनमध्ये नवीन अ‍ॅडव्हान्स यायचे थांबतात आणि खड्डा उघडा पडतो. पावसाळ्यानं तो खड्डा पाडलेला नसतो, तो मार्चमध्येच पडलेला असतो. म्हणून शिल्लक कशी टाकायची याच्या आधी ‘माझा’ पैसा किती, हे काढावं लागतं.

तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून उदाहरण धरतो. तुम्ही तुमचे आकडे घालून बघा. घरखर्च महिना ३२ हजार. धंद्याचा खर्च, जो काम असो-नसो जातोच: टेम्पोचा हप्ता ११ हजार, सेंट्रिंगचं (स्लॅबच्या साच्याचं) सामान ठेवायच्या गोडाऊनचं भाडं ५ हजार, कायम ठेवलेल्या माणसाचा पगार १५ हजार, डिझेल-फोन ३ हजार. झाले ३४ हजार. दोन्ही मिळून महिन्याला ६६ हजार, वर्षाला ७ लाख ९२ हजार.

आता बारानं भागू नका, आठानं भागा. कमाईचे महिने ऑक्टोबर ते मे, म्हणजे आठच. ७ लाख ९२ हजाराला आठानं भागलं की ९९ हजार येतात. म्हणजे काम चालू असताना तुमचा महिना ६६ हजारांत भागतो असं दिसतं, पण तो खरा ९९ हजारांचा असतो. वरचे ३३ हजार पावसाळ्याचे आहेत, ते फक्त आधी आलेत. एवढी एक भागाकाराची ओळ वहीत लिहून भिंतीला लावावी, इतकी ती मला महत्त्वाची वाटते.

कमाईची बाजू बघू. हजार स्क्वेअर फुटाचं घर, १,८०० रुपये फूट दर धरला तर १८ लाखांचं काम. सगळं नीट गेलं आणि दहा टक्के सुटले तर १ लाख ८० हजार. अशी चार घरं म्हणजे ७ लाख २० हजार. खर्च होता ७ लाख ९२ हजार. फरक ७२ हजारांचा. माझ्या अंदाजानं वहिनींचं सोनं गेलं ते अशाच एखाद्या ७२ हजारांसाठी. तुमच्याकडून उधळपट्टी झाली, शिस्त नव्हती, असं मी म्हणणार नाही. दर ठरवतानाच वर्षाचे चार महिने हिशेबातून सुटले होते.

हे ७२ हजार चार घरांवर वाटले तर एका घरावर १८ हजार पडतात. हजार फुटाच्या घराला फुटामागे १८ रुपये. १,८०० चा दर १,८२० केला की फरक भरून वर थोडं उरतं. फुटाला वीस रुपयांसाठी चांगला घरमालक काम सोडून जात नाही, हे मी अनुभवानं सांगतो. जो जातो तो पुढं हप्त्यालाही त्रास देतो.

आणि दर वाढवायची हिंमत होत नसेल, तर निदान फुकट जाणारं काम थांबवा. ‘एवढा कट्टा करून द्या की’, ‘लॉफ्ट अजून एक टाका’, ‘पॅरापेट फूटभर वर घ्या’. तोंडी सांगितलेल्या अशा कामांत एका घरामागं १५-२० हजार सहज जातात. माझ्याकडं प्रत्येक साइटवर एक दुरेघी वही असते. जादा काम निघालं की तारीख, काम, रक्कम आणि मालकाची सही, मग विटेला हात. सही घेताना मालक चार वेळा विचार करतो, अर्धी कामं तिथंच रद्द होतात, आणि उरलेल्यांचे पैसे मिळतात. संबंध बिघडतात अशी भीती वाटते, पण बिघडतात ते शेवटी एकदम हिशेब काढल्यावर.

आता पैसा बाजूला काढायचा कसा. ‘काम संपल्यावर नफा बघू’ असं केलंत तर कधीच दिसणार नाही, कारण तोवर दुसरी दोन कामं चालू असतात. माझी रीत अशी आहे: हप्ता आला की त्याच दिवशी, त्या टप्प्याची देणी द्यायच्याही आधी, ठरलेला हिस्सा दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जातो. वरच्या उदाहरणात चार घरांचे मिळून सुमारे ७३ लाख जमा होतात आणि पावसाळ्याला ४ महिने गुणिले ६६ हजार, म्हणजे २ लाख ६४ हजार लागतात. हे प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आतच बसतं. म्हणजे लाखाचा हप्ता आला की पावणेचार हजार उचलायचे. स्लॅबचा चार लाखांचा हप्ता आला तर १५ हजार. रक्कम छोटी वाटते म्हणूनच ती निघते.

यात एक पथ्य आहे. सुरुवातीच्या अ‍ॅडव्हान्समधून काहीही उचलायचं नाही. तो मालकाचा आपल्यावरचा बोजा असतो. तेवढं काम जमिनीवर दिसायला लागलं की मग त्याचा हिस्सा काढायचा.

तसंच जीएसटी. वरच्या आकड्यांत तो धरलेलाच नाही. मालासकट कामात उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, घरकामाच्या अशा ठेक्यावर दर १८ टक्के आहे, आणि दरमहा विवरण भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. हा पैसा खात्यात असतो तेव्हा आपला वाटतो, आणि अनेकांची पावसाळी शिल्लक म्हणजे न भरलेला जीएसटीच असतो. तुमची नोंदणी, तुमची पद्धत हे तुमच्या सीएबरोबर बसून ठरवा. मात्र तो पैसा शिल्लक म्हणून मोजू नका.

हप्त्यांची मांडणी हा शिल्लक टाकण्याचाच भाग आहे, आणि यावर फार कमी लोक बोलतात. आपला नफा जवळजवळ सगळा शेवटच्या हप्त्यात अडकलेला असतो. रंग झाला, गृहप्रवेश झाला, आणि मग दोन लाखांसाठी सहा महिने फेऱ्या. म्हणून शेवटचा हप्ता पाच टक्क्यांपेक्षा मोठा ठेवू नका, आणि प्रत्येक टप्पा आपापल्या पायावर उभा राहील अशी रक्कम लावा. स्लॅबचा हप्ता स्लॅब झाल्यावर घेत असाल तर तो बदला. सेंट्रिंग लागलं, स्टील बांधून झालं, इंजिनिअरनं तपासलं, की काँक्रीटच्या आदल्या दिवशी पैसे. एकदा गाडी उभी राहिली आणि काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की काम मध्ये थांबवता येत नाही, आणि मालकाला हे माहीत असतं.

करार करण्याआधी आणखी एक विचारा: ‘हप्ते कुठून येणार?’ करवीर-कागलच्या खेड्यात घर बांधणाऱ्याचा पैसा बऱ्याचदा उसाच्या बिलातून येतो. कायद्यानं ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल मिळायला हवं, पण ऊसतोड कधी येणार हे त्याच्या हातात नसतं. जानेवारीत तोड असणाऱ्याला डिसेंबरमध्ये स्लॅबचा हप्ता मागून उपयोग नाही. ज्याचं गृहकर्ज आहे त्याची बँक आपला इंजिनिअर पाठवते, मग टप्प्याची रक्कम सोडते. त्यात आठवडा-दोन आठवडे जातात, तेवढे आधीच धरायचे. निवृत्तीचे पैसे आलेल्या मालकाचं वेगळं, त्याच्याकडं रक्कम तयार असते पण ती लवकर संपते. हे कळलं की कोणत्या साइटवर आपले पैसे कधी अडकणार याचा अंदाज येतो, आणि दोन अडकणाऱ्या साइट एकाच वेळी घेत नाही.

किती महिन्यांचं ठेवायचं, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत, कारण रिकामे दिवस दोन प्रकारचे असतात. एक, जे येणार हे माहीत आहे. पाऊस आहे, पुढं पितृपक्षात नवीन कामाचा नारळ कोणी फोडत नाही, दसऱ्याला पुन्हा सुरुवात होते. अधिक महिना आला तर मुहूर्त आणखी लांबतात. याचे चार महिने वर मोजलेच आहेत. यातला काही भार कामाच्या आखणीनं कमी होतो. मेअखेर स्लॅब आणि बाहेरची कामं उरकली की जून-जुलैत आतला गिलावा, फरशी, प्लंबिंग चालू राहतं. दिवाळीला राहायला जायचं म्हणणारा मालक असला तर तो पावसातही हप्ते देतो. ही कमाई मी पावसाळ्याच्या खर्चात धरत नाही. ती दुसऱ्या डब्यात जाते.

दुसरा डबा अचानक येणाऱ्या रिकामपणाचा. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर तुम्हीही पाहिलाय. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, सिमेंट-स्टील येईना, कामगार गावाकडं निघून गेलेले. मधे २०२० चं लॉकडाऊन. तीन वर्षांत तीन वेळा काम एकदम थांबलं. महापुरानंतर आणखी एक गोष्ट घडली. पाणी ओसरल्यावर दुरुस्तीची कामं भरपूर निघाली, पण मालकांच्या हातात लगेच पैसा नव्हता. ज्या ठेकेदाराकडं दोन आठवड्यांच्या पगारापुरती रक्कम होती त्यानं ती कामं घेतली, बाकीचे बघत राहिले. म्हणून हा दुसरा डबा मी दोन महिन्यांचा खर्च अधिक दोन आठवड्यांची मजुरी एवढा धरतो. तो एका वर्षात भरत नाही. तीन वर्षं द्या.

मजुरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पावसाळी खर्चात उचल धरायला विसरू नका. विजापूरकडचे गवंडी पावसात गावी पेरणीला जातात आणि जाताना उचल मागतात. तुमच्याकडं द्यायला नसली तर दसऱ्याला ते दुसऱ्याच्या साइटवर दिसतात. सगळ्यांना देणं परवडत नाही. हाताशी जे दोन-तीन पक्के आहेत त्यांना ठरवून द्या, वहीत लिहा, आणि दर शनिवारच्या पगारातून पाचशे-हजार असं वळतं करा. त्यांची बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करून घेणंही आपल्या हिताचं आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो आपणही देऊ शकतो. कामगाराला मंडळाचा आधार असला की सगळा भार आपल्या उचलीवर येत नाही.

पैसा कुठं ठेवायचा यात हुशारीला फारसा वाव नाही. पावसाळ्याचा पैसा मुदत ठेवीत, पण एकरकमी नको. ६६-६६ हजारांच्या चार पावत्या, एक जूनच्या सुरुवातीला पिकणारी, पुढची जुलैत, मग ऑगस्ट, मग सप्टेंबर. दर महिन्याला एक पावती हातात येते, जणू पगारच. जूनमध्येच सगळं मोकळं झालं की ऑगस्टपर्यंत टिकत नाही. पावत्या वहिनींच्या आणि तुमच्या जोडनावावर, मोडायला दोघांच्या सह्या लागतील अशा ठेवा. दुसरा डबा वेगळ्या बँकेत, त्या खात्याला फोनवरून पैसे पाठवायची सोय जोडू नका.

पतसंस्थेच्या पिग्मीचा (रोजच्या बचतीचा) मुलगा रोज दारात येतो, त्याच्याकडं जमा करायला हरकत नाही, सवय चांगली लागते. पण पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण नसतं. म्हणून तिथं रक्कम साठू देऊ नका, ठरावीक रक्कम झाली की काढून बँकेत टाका. सहकारी बँकेत ठेवणार असाल तरी एका बँकेत व्याज धरून ५ लाखांच्या आत रहा. भिशी या कामासाठी मी वापरत नाही. आपला नंबर कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, आणि लिलावाची असेल तर गरजेच्या वेळी घेणाऱ्याला सूट सोडावी लागते. पावसाळ्यात सगळ्यांनाच गरज असते.

मार्च-एप्रिलमध्ये खात्यात पाच-सहा लाख दिसले की गुंठा घ्यावा, सेंट्रिंगच्या अजून शंभर प्लेटा घ्याव्यात असं वाटतं. प्लेटा भाड्यानं मिळतात. गुंठा ऑगस्टमध्ये किराणा देत नाही. दोन्ही डबे भरल्यानंतर जे उरेल त्यातून जरूर घ्या.

शिल्लक कशासाठी मोडायची नाही हेही ठरवून ठेवा. मालकाचा हप्ता लांबला म्हणून आपल्या शिल्लकेतून त्याचं घर पुढं न्यायचं नाही. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण काम थांबवलं की माणसं रिकामी बसतात आणि मालक रागावतो. तरी टप्पा पूर्ण करून थांबा, माणसं दुसऱ्या साइटवर हलवा. एकदा तुम्ही स्वतःच्या पैशानं गिलावा करून दिला की पुढचा हप्ता आणखी उशिरा येतो. स्टील स्वस्त मिळतंय, हेही शिल्लक मोडायचं कारण नाही.

यातलं सगळं सगळ्यांना लागू पडत नाही. तुम्ही फक्त मजुरीनं काम घेत असाल तर उलाढाल लहान असते, टक्का जास्त लागतो, पण अडकणारा पैसा कमी. सरकारी कामं घेणाऱ्याचा धोका पावसाचा नसून बिलाचा आहे. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभर ठेकेदारांनी आंदोलनं केली, त्यात चांगली अनुभवी माणसं होती. तिथं ‘किती महिने’ असा हिशेबच लागत नाही. एका सरकारी खात्याकडं आपलं जास्तीत जास्त किती अडकू द्यायचं याची मर्यादा घालावी लागते. साखर कारखान्यांच्या दुरुस्तीची कामं घेणाऱ्याचं तर उलटंच आहे, गाळप चालू झालं की त्याचं काम कमी होतं. आणि घरात दुसऱ्या कुणाचा पगार येत असेल तर घरखर्चाचा भाग निम्म्यावर येऊ शकतो.

राहिला सोन्याचा प्रश्न. आधी सोनं सोडवायचं की आधी शिल्लक टाकायची? व्याज चालू असतं म्हणून कुणीही ‘आधी सोनं’ म्हणेल. माझं मत थोडं वेगळं आहे. व्याज वेळेवर भरत रहा, लिलावाची नोटीस येईल अशी वेळ आणू नका, पण आधी एका महिन्याचे ६६ हजार बाजूला करा. मग सोनं सोडवा. मग उरलेले तीन महिने. हात रिकामा ठेवून सोनं सोडवलं तर पहिल्याच अडचणीला ते पुन्हा गुजरीत, म्हणजे सराफाकडं, जातं, आणि दुसऱ्यांदा ठेवताना घरात जे बोलणं होतं ते पहिल्यापेक्षा कडू असतं. हा क्रम वहिनींना आधी समजावून सांगा. सोनं त्यांचं आहे, त्यांचं म्हणणं वेगळं असेल तर तेच धरा, आणि शिल्लक त्यानंतर सुरू करा.

सध्या चालू असलेल्या प्रत्येक साइटची तीन आकड्यांची नोंद काढा: आजवर मालकाकडून आलेले, आजवर झालेल्या कामाची किंमत, आणि बाजारात द्यायची उधारी. आलेले पैसे झालेल्या कामापेक्षा जास्त असतील तर तेवढं कर्ज तुमच्या डोक्यावर आहे. ही जादा रक्कम आणि उधारी, सगळ्या साइटची मिळून बेरीज करा. ती बेरीज तुमच्या आत्ताच्या बँक शिल्लकेपेक्षा मोठी निघाली तर आधी ती भरून काढावी लागेल, आणि टक्का पावणेचारऐवजी दोनवरून सुरू करावा लागेल. आकडे इथं टाकलेत, नावं न लिहिता, तर कोणत्या साइटपासून सुरुवात करायची ते सांगू शकेन.